तुलना करायची की क्रमांक लावायचे?

दर वर्षी लोकशाहीचे निर्देशांक जाहीर होतात आणि दर वर्षी तोच वाद नव्याने पेटतो. एखादा देश यादीत खाली घसरला, की तिथले विरोधक तो आकडा झेंड्यासारखा नाचवतात. सत्ताधारी म्हणतात, ‘आमचा इतिहास वेगळा, आमचा समाज वेगळा, बाहेरच्यांनी आम्हाला मोजायचं कारण नाही.’ चार दिवस दोन्ही बाजू घसा कोरडा करतात आणि मग पुढच्या वर्षीपर्यंत सगळं शांत. ज्या विद्याशाखेच्या नावाने हे भांडण चालतं, त्या तौलनिक राज्यशास्त्राचं काम नेमकं काय, हे या गदारोळात कुणीच विचारत नाही, आणि मला सलतं ते हेच. एका बाजूला तुलना म्हणजे गुणपत्रिका वाटते, दुसरीला ती अपमान वाटते. माझ्या मते दोघंही तुलना करतच नाहीत. क्रमांक लावणं हे तुलनेचं सगळ्यात उथळ रूप आहे आणि ‘आम्ही वेगळे’ ही तिच्यातून काढलेली पळवाट. देशादेशांच्या राजकारणाचा तौलनिक अभ्यास आज आहे त्याहून पुष्कळ अधिक व्हायला हवा, आणि तो यादीच्या उंचीवरून न होता जमिनीवर उतरून व्हायला हवा, असं मला वाटतं.

आधी वेगळेपणाचा दावा घेऊ. आपण वेगळे आहोत हे कळतं कसं? दुसऱ्याकडे पाहिल्याशिवाय ते कळूच शकत नाही. म्हणजे ‘आमच्याशी कुणाची तुलना होऊ शकत नाही’ हे वाक्यसुद्धा एका तुलनेचा निष्कर्ष आहे. फक्त ती तुलना कुणी तपासू नये अशी बोलणाऱ्याची इच्छा असते. 1990 च्या दशकातला ‘आशियाई मूल्यां’चा वाद आठवून पाहा. सिंगापूरचे ली कुआन यू आणि मलेशियाचे महाथीर मोहम्मद सांगत होते, की पाश्चात्त्य धर्तीची लोकशाही पूर्व आशियाच्या मातीत रुजणार नाही. इथे कुटुंब आधी, शिस्त आधी, व्यक्ती नंतर. 1994 मध्ये त्याला सडेतोड उत्तर दिलं ते दक्षिण कोरियाच्या किम दे जुंग यांनी. याच किम यांना त्यांच्या देशातल्या लष्करी राजवटीने 1980 मध्ये फाशीची शिक्षा सुनावली होती. आशियाच्याच विचारपरंपरेत जनतेला सर्वोच्च मानणारे प्रवाह आहेत, अडथळा संस्कृतीचा नसून हुकूमशहांचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1997 च्या डिसेंबरात ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि कोरियात पहिल्यांदा विरोधकांच्या हाती शांततेने सत्ता गेली. 2000 मध्ये तैवानमध्येही सत्तांतर झालं. संस्कृती तीच होती, कन्फ्यूशियसही तोच होता. मग आधी जे ‘अशक्य’ होतं ते कशामुळे अशक्य होतं? हा प्रश्न कोरिया, तैवान आणि सिंगापूर शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय विचारताही येत नाही.

पण तुलनेच्या विरोधात केवळ सत्ताधारीच बोलतात असं समजणं अन्यायाचं होईल. फार गंभीर माणसांनी फार गंभीर आक्षेप घेतले आहेत. त्यातला सगळ्यात बिनतोड आक्षेप तत्त्वज्ञ अॅलस्डेर मॅकिंटायर यांचा. 1963 मध्ये गॅब्रिएल आमंड आणि सिडनी व्हर्बा यांनी अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली आणि मेक्सिको या पाच देशांतल्या नागरिकांच्या राजकीय मनोवृत्तीचा मोठा अभ्यास छापला. त्यात एक प्रश्न होता, देशातल्या कोणत्या गोष्टींचा तुम्हाला अभिमान वाटतो? इटालियन लोकांनी सरकार आणि राजकीय संस्थांचं नाव फारसं घेतलं नाही. मॅकिंटायर यांनी विचारलं, की इटलीत आणि इंग्लंडमध्ये ‘अभिमान’ या गोष्टीचा अर्थ तरी एक आहे का? अभिमान कशाचा धरायचा, तो बोलून दाखवायचा की नाही, हे जिथे तिथे निराळं. मग दोन देशांतली उत्तरं एका तक्त्यात मांडताना आपण एकच वस्तू मोजतोय हे कशावरून?

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि अर्धवट नव्हे, पूर्ण मान्य आहे. जोवानी सार्तोरी हे इटालियन अभ्यासकही 1970 मध्ये हेच बजावून गेले होते, की जास्तीत जास्त देश कवेत घेण्यासाठी संकल्पना ताणत गेलो तर शेवटी ती कशालाही लागू पडते आणि काहीच सांगत नाही. प्रश्न असा, की यातून निष्कर्ष कोणता काढायचा? तुलना सोडून द्यायची? की अर्थातला फरक हाच मोजायला घ्यायचा?

गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दुसरी वाट दाखवली. चीन आणि मेक्सिकोतल्या लोकांना विचारलं होतं, तुम्हाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी सरकारकडून करून घेण्यात तुमचा शब्द किती चालतो? मेक्सिकोत 2000 मध्येच 71 वर्षांची एकपक्षीय सत्ता मतपेटीतून उलथली होती. चीनमध्ये तसलं काही नव्हतं. तरी सरळ उत्तरं पाहिली तर चिनी लोक मेक्सिकन लोकांपेक्षा आपला शब्द जास्त चालतो असं सांगत होते. इथेच थांबलं असतं तर वर्तमानपत्राला एक चटकदार मथळा मिळाला असता. पण संशोधकांनी प्रत्येकाला आणखी काही काल्पनिक माणसांच्या छोट्या गोष्टी ऐकवल्या होत्या. त्यातला एक मोझेस. त्याच्याकडे प्यायला स्वच्छ पाणी नाही. त्याला हे बदलायचंय, पण त्याला मत देता येत नाही, सरकारात कुणाला याची फिकीर आहे असं त्याला वाटत नाही. कधीतरी काहीतरी होईल या आशेवर तो मुकाट्याने सोसतो. आता सांगा, या मोझेसचा शब्द किती चालतो? असं विचारल्यावर प्रत्येक उत्तरदात्याची फूटपट्टी हाती आली. ‘थोडाफार चालतो’ म्हणताना बीजिंगच्या राजवटीखाली राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर काय असतं आणि मेक्सिकोतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर काय, हे दिसलं. त्या फूटपट्टीनुसार उत्तरं पुन्हा लावल्यावर क्रम उलटा झाला. चीनमधल्या कितीतरी लोकांनी स्वतःला त्या मुकाट सोसणाऱ्या मोझेसच्याही खाली ठेवलं होतं. मॅकिंटायर यांचा आक्षेप खरा होता म्हणूनच हे शोधावं लागलं. आणि ते सापडलं ते तुलना थांबवून नव्हे, आणखी बारकाईने करून.

निर्देशांकांवरच्या आक्षेपातही असंच तथ्य आहे. पॉलिटी नावाच्या जुन्या आणि खूप वापरल्या गेलेल्या मालिकेत उणे 10 ते अधिक 10 असे गुण देतात. त्यात स्वित्झर्लंडला 1848 पासून पूर्ण 10 गुण आहेत. स्वित्झर्लंडमधल्या स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा हक्क 1971 मध्ये मिळाला! सव्वाशे वर्षं निम्मी प्रौढ जनता मतपेटीपासून लांब, आणि लोकशाहीला पैकीच्या पैकी. ही मालिका संस्था मोजते, मताधिकार किती जणांना आहे हे मोजत नाही, म्हणून असं होतं. हे कळल्यावर संताप येणं साहजिक आहे. पण हे बिंग फोडलं कुणी? मोजमापाचे नियम वाचून, दोन मालिका एकमेकींशी ताडून पाहणाऱ्या अभ्यासकांनीच. अलीकडचीच गोष्ट सांगायची तर अँड्र्यू लिटल आणि अॅन मेंग यांनी नुकताच असा प्रश्न उभा केला, की जगभर लोकशाही घसरते आहे हे तज्ज्ञांच्या गुणांकनातून दिसतं खरं, पण सत्ताधारी निवडणूक किती वेळा हरतात यासारख्या ढळढळीत निकषांवर तशी मोठी घसरण का दिसत नाही? तज्ज्ञांच्या मनातलं मळभ तर आकड्यांत उतरत नाही ना? तज्ज्ञांच्या गुणांकनातून देशोदेशींची लोकशाही मोजणाऱ्या, गोथेनबर्ग विद्यापीठातून चालणाऱ्या व्ही-डेम प्रकल्पाच्या लोकांनी त्याला उत्तर दिलं: आजचे सत्ताधारी निवडणूक रद्द करत नाहीत, ती जिंकण्याआधीच माध्यमं आणि न्यायालयं पोखरतात, ते मोजायला जाणकार माणसाचा निवाडा लागतोच. या वादात मी दुसऱ्या बाजूकडे झुकतो, पण मुद्दा तो नाही. दोन्ही बाजूंची आकडेवारी उघडी आहे, कुणीही तपासावी. ‘आम्हाला मोजू नका’ म्हणणाऱ्या किती सरकारांनी स्वतःची आकडेवारी अशी उघड्यावर मांडली आहे?

दुसरा मोठा आक्षेप संख्येचा. जगात देश दोनशेच्या आसपास, आणि एकेका देशाच्या राजकारणामागे कारणं शंभर. प्रयोगशाळेत एक गोष्ट बदलून बाकीच्या स्थिर ठेवता येतात, तसं फ्रान्सला परत 1789 मध्ये नेऊन राजा शहाणा करून पाहता येत नाही. साम्य आणि भेदाच्या ज्या पद्धती आजही तौलनिक अभ्यासाच्या पहिल्या धड्यात शिकवतात त्या मांडल्या जॉन स्टुअर्ट मिल यांनी, 1843 मध्ये. त्याच मिल यांनी बजावलं होतं, की समाज आणि राज्यव्यवहाराला या पद्धती जशाच्या तशा लावता येणार नाहीत. त्यात भर म्हणजे अभ्यासक उदाहरणंही सोयीची निवडतात. बार्बरा गेडिस यांनी 1990 मध्ये दाखवलं, की ज्या देशांत आर्थिक भरभराट झाली तेवढेच निवडून त्यांच्यात समान काय हे शोधलं, तर हवं ते कारण सापडतं. पूर्व आशियातल्या भरभराटीचं श्रेय कामगारांच्या दडपशाहीला देणारा सिद्धान्त असाच उभा राहिला होता. भरभराट न झालेले देश तक्त्यात घेताच तो डळमळला, कारण दडपशाही तिथेही होतीच.

मग करायचं काय? उत्तर या विद्येच्या इतिहासातच आहे. 1990 मध्ये हुआन लिंझ यांनी मांडलं, की अध्यक्षीय पद्धत लोकशाहीला घातक ठरते: अध्यक्ष आणि संसद दोघांनाही जनादेश, दोघांची मुदत ठरलेली, भांडण झालं तर सोडवायची वाट नाही, आणि मग लष्कर पुढे येतं. लॅटिन अमेरिकेचा इतिहास पाहिला तर हे पटायचं. आकडेही तेच सांगत होते, अध्यक्षीय लोकशाह्या जास्त कोसळल्या होत्या. 2007 मध्ये होसे अँतोनियो शेबूब यांनी त्याच आकड्यांना वेगळा प्रश्न विचारला. कोसळलेल्या लोकशाह्यांच्या आधी तिथे काय होतं? बहुतेक ठिकाणी लष्करी राजवट. लष्कराला एकदा सत्तेची चटक लागली, की नंतर पद्धत कोणतीही आणा, लोकशाही ठिसूळच राहते. आणि लष्करी राजवटीतून बाहेर पडलेल्या देशांनी, मुख्यतः लॅटिन अमेरिकेत, अध्यक्षीय पद्धत स्वीकारली हा इतिहासाचा योगायोग. सतरा वर्षांत एक भक्कम वाटणारा सिद्धान्त असा आतून उलगडला. लिंझ चुकले म्हणून तुलना निरुपयोगी ठरली का? चूक दुरुस्त झाली तीही तुलनेनेच.

आणि संख्या कमी असली तरी निसर्गाने नाही, तर इतिहासाने काही ठिकाणी प्रयोग मांडून ठेवलेले असतात. झांबिया आणि मलावी यांच्यामधली सीमा मला यातली सर्वांत बोलकी वाटते. 1891 मध्ये एका ब्रिटिश कंपनीने कारभाराच्या सोयीसाठी ती आखली. तिथे राहणारी माणसं पाहिली नाहीत. चेवा आणि तुंबुका हे दोन्ही समाज त्या रेषेने मधोमध चिरले गेले. डॅनियल पोस्नर या अभ्यासकाने सीमेला लागून असलेली चार गावं निवडली: दोन चेवांची, दोन तुंबुकांची, प्रत्येक जोडीतलं एक गाव अलीकडे आणि एक काही मैलांवर पलीकडे. माणसं तीच, भाषा तीच. चेवा मातृवंशीय, तुंबुका पितृवंशीय. चेवांचा न्याऊ नाच, तुंबुकांचा विंबुझा. लग्नाच्या देण्याघेण्याच्या रीती वेगळ्या. दोन समाजांमधलं सांस्कृतिक अंतर सीमेच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखं. त्याने विचारलं, दुसऱ्या समाजात लग्न कराल का? त्या समाजाच्या माणसाला राष्ट्राध्यक्षपदासाठी मत द्याल का? झांबियातल्या गावांत ‘हो, त्यात काय’ असा सूर होता. त्यांना ते आपलेच पूर्वेकडचे भाऊबंद वाटत होते. मलावीतल्या गावांत मात्र त्याच दोन समाजांमध्ये उघड अढी होती.

आता हे संस्कृतीने कसं समजावून सांगणार? संस्कृती तर दोन्हीकडे एकच. पोस्नर यांचं उत्तर असं: मलावी लहान देश, तिथे चेवा आणि तुंबुका हे दोन्ही समाज इतके मोठे, की सत्तेची शिडी म्हणून प्रत्येकाचा उपयोग होतो. 1994 मध्ये बहुपक्षीय निवडणुका आल्या तेव्हा मध्य प्रांतातल्या चेवांची मतं एका पक्षाकडे आणि उत्तरेतल्या तुंबुकांची दुसऱ्याकडे गेली. झांबिया मोठा, तिथे हे दोन्ही समाज इतके छोटे, की एकट्याच्या बळावर काहीच मिळत नाही. मोठ्या भाषिक गटांसमोर उभं राहायचं तर दोघांनी मिळून ‘पूर्वेचे’ व्हावं लागतं. वैर रक्तात नव्हतं, हिशोबात होतं. ‘या दोन जमातींचं पिढ्यान्‌पिढ्या वैर आहे’ असं वाक्य आपण जगातल्या कितीतरी संघर्षांबद्दल सहज वाचतो आणि मान डोलावतो. नुसत्या मलावीत आयुष्य घालवलेल्या विद्वानालाही ते वाक्य खरंच वाटलं असतं. ते खोटं ठरवायला सीमा ओलांडून पलीकडच्या गावात जावं लागलं. आणि या चार गावांच्या अभ्यासात क्रमांक कुठे आहे? झांबिया पहिला, मलावी दुसरा, असं म्हणून काही हाती लागतं का?

तिसरा आक्षेप सत्तेचा, आणि त्यावर मी सगळ्यात कमी वाद घालीन. या विद्येच्या संकल्पना मुख्यतः अमेरिकेच्या आणि युरोपच्या विद्यापीठांत घडल्या. शीतयुद्धाच्या काळात तिथल्या सरकारांनी आणि प्रतिष्ठानांनी तिला पैसा पुरवला. गरीब देश अमेरिकेसारखे होत जातील हे गृहीत धरून पुष्कळ लिखाण झालं. आणि वाईट तुलना माणसं मारते, हेही खरं आहे. 2003 मध्ये इराकवर हल्ला करण्याआधी जॉर्ज बुश जर्मनी आणि जपानचा दाखला देत होते: त्या देशांतही लोकशाही टिकणार नाही असं म्हणत होते ना, पाहा आता. मे महिन्यात ताबा घेतलेल्या प्रशासनाने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या लोकांना नोकऱ्यांतून काढायचा हुकूम काढला, आठवड्याभरात सैन्यही बरखास्त केलं. डोळ्यांसमोर जर्मनीतलं नाझी-निर्मूलन होतं. पण जपानमध्ये अमेरिकेने सम्राटाला ठेवलं, नोकरशाही ठेवली, तिच्यामार्फतच राज्य केलं. जपानमध्ये सर्व पुरुषांना मताधिकार 1925 मध्येच मिळाला होता, जर्मनीने हिटलरच्या आधीची लोकशाही, वायमार प्रजासत्ताक, अनुभवली होती. इराकमध्ये राज्ययंत्रणा मोडली आणि मग लोकशाही उगवेल अशी वाट पाहिली. ज्यांच्याशी तुलना केली त्या देशांत काय घडलं होतं, एवढं तरी नीट वाचायला नको होतं का? बगदादची जी होरपळ झाली तिच्यामागे अनेक पापं आहेत, त्यात ही आळशी उपमाही आहे.

तरी या आक्षेपाचं औषध हे, की तुलना करणारे हात बदलावेत. ज्यांना वसाहतीत राहून राज्यशास्त्र शिकावं लागलं, त्यांनीही जगाकडे पाहून तुलना केली आणि ती कुणाच्या परवानगीने केली नाही. संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव 1947 मध्ये अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटनला जाऊन तिथल्या न्यायाधीशांशी आणि राजकारण्यांशी बोलून आले. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी उसनवारीचा आरोप अंगावर घेतला आणि सांगितलं, की राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाचं पेटंट नसतं. त्याच भाषणात त्यांनी अमेरिकी आणि ब्रिटिश पद्धती समोरासमोर ठेवल्या. एकीत स्थैर्य जास्त, दुसरीत उत्तरदायित्व जास्त. दोन्ही पूर्ण मापाने एकत्र मिळत नाहीत, म्हणून कशाला पहिलं स्थान द्यायचं ते ठरवावं लागतं, असं सांगून त्यांनी उत्तरदायित्वाची निवड समजावून दिली. कोणता देश वरचा हे त्यांनी विचारलंच नाही. कोणत्या रचनेतून काय निपजतं, हे विचारलं. जर्मनांनी 1949 मध्ये हेच स्वतःच्या भूतकाळाशी केलं. 1932 च्या सप्टेंबरात त्यांच्या संसदेत कम्युनिस्टांचा अविश्वास ठराव नाझींच्या मतांसह 512 विरुद्ध 42 ने मंजूर झाला होता. सरकार पाडायला बहुमत होतं, नवं बसवायला नव्हतं. म्हणून नव्या घटनेत नियम आला: चॅन्सेलरला, म्हणजे सरकारप्रमुखाला, काढायचं तर त्याच ठरावात पुढचा चॅन्सेलर निवडा. स्पेनने 1978 मध्ये ती तरतूद घेतली आणि 2018 मध्ये तिथे पंतप्रधान राहोय जाऊन सांचेझ आले ते तिच्यामुळेच. घटना लिहिणाऱ्यांना जे जमतं ते अशक्य आहे असं प्राध्यापकांनी का मानावं?

आता बोट्स्वाना. 1966 मध्ये स्वतंत्र झालेला हा देश आफ्रिकेतली जुनी, अखंड लोकशाही म्हणून ओळखला जातो. निवडणुका वेळेवर, वृत्तपत्रं चालू, लष्कर छावणीत. पण राज्यशास्त्रज्ञ अॅडम प्शेव्होर्स्की आणि नंतर शेबूब यांच्या वर्गीकरणात तो वर्षानुवर्षं हुकूमशाहीच्या रकान्यात होता. कारण त्यांचा नियमच तसा: सत्ताधारी पक्ष कधीच हरला नसेल, तर हरल्यावर तो खुर्ची सोडेल की नाही हे आपल्याला ठाऊक नाही; आणि ठाऊक नसेल तर लोकशाही म्हणायचं नाही. या नियमाने चूक होऊ शकते हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. टीकाकारांनी त्यांची टर उडवली. 2024 च्या ऑक्टोबरअखेर मतदान झालं. 58 वर्षं सत्तेत असलेला बोट्स्वाना डेमोक्रॅटिक पार्टी हा पक्ष हरला, नुसता हरला नाही, भुईसपाट झाला. राष्ट्राध्यक्ष मोक्वीत्सी मासिसी यांनी मोजणी पूर्ण व्हायच्या आधीच पराभव मान्य केला, आणि दुमा बोको यांचा शपथविधी पार पडला.

त्या एका सकाळी बोट्स्वानाचं काय बदललं? मतपत्रिका, मतदान केंद्रं, निवडणुकीचे नियम आदल्या वर्षांसारखेच होते. बदललं ते आपलं ज्ञान: तिथल्या सत्ताधाऱ्यांनी हरल्यावर काय केलं हे आता माहीत झालं. त्या वर्गीकरणाच्या तर्काने पाहिलं तर मागची 58 वर्षंही आता पुन्हा वाचावी लागतील, वर्षागणिक, एकेक ओळ. 1965 च्या पहिल्या निवडणुकीत मत देऊन आलेली माणसं त्या दिवशी लोकशाहीत राहत होती की नव्हती, याचं उत्तर त्यांच्या नातवंडांच्या मतदानाने दिलं आहे.